नदीघाट

नदीघाट : नदीच्या उतरत्या काठावरून पाण्यापर्यंत पायी जाता यावे, म्हणून बांधलेल्या दगडी पायऱ्या, त्यांच्या दरम्यानचे सपाट टप्पे आणि त्यांना लागून असलेली पटांगणे यांचा समूह. ‘घाट’ हा शब्द संस्कृत ‘घट्ट’ (काठावरील उताराची जागा) या शब्दावरून आला आहे. मराठीत डोंगर उतरणाऱ्या वाटेलाही घाट म्हणतात. दोन्ही अर्थांत उंच व सखल अशा दोन पातळ्यांमधील चढउतार माणसाला सुकर करून देणे, ही कल्पना समान आहे. स्नान, पाणी भरणे, कपडे धुणे, गुरांना पाणी पाजणे, नावेत चढणे-उतरणे, श्राद्धादी विधी, जत्रा, बाजार, सभा व कीर्तने अशा अनेक कामांसाठी घाटांचा उपयोग होत आला आहे. वाहनांना जेथे शिरकाव नाही आणि जेथे केवळ पायी चालणाऱ्याचाच विचार करून बांधकाम झाले आहे, अशी भारतीय नगरांतील सर्वांत जुनी सार्वजनिक जागा म्हणजे नदीघाट होय. नगरांतील नदीकाठांच्या पुनरुज्जीवनाच्या ज्या योजना अलीकडे आखल्या जात आहेत, त्यांचा विचार करताना म्हणूनच घाटांचा इतिहास उपयुक्त ठरतो.

बांधणी : मोसमी पावसाच्या प्रदेशातील नदीची पातळी वर्षभर सारखी राहत नाही. चैत्र-वैशाखात एखाद्या कुंडापुरते उरणारे पाणी श्रावण-भाद्रपदात कित्येक मीटर चढते. अशा नदीला सरळ उभी भिंत घातली, तर उन्हाळ्यात माणूस पाण्यापासून दूर राहतो आणि पावसाळ्यात पाणी भिंतीशी झुंजते. पायऱ्यांमुळे पाणी कोणत्याही पातळीवर असले, तरी त्याचा काठ माणसाच्या पायांशी असतो. पूर आला म्हणजे तो पायऱ्या झाकून वर चढतो आणि ओसरताना गाळ मागे ठेवून जातो. घाट हे पुराला अडविणारे बांधकाम नसून पुराला जागा देणारे बांधकाम आहे, हे त्याच्या रचनेचे मुख्य सूत्र होय.

दख्खनमधील घाट बहुधा काळ्या पाषाणात बांधलेले आहेत. नदीच्या तळाशी असलेला बेसॉल्टचा अखंड थर हाच त्यांचा पाया असतो. घडीव चिरे चुन्यात बसवीत, तर प्रवाहाचा जोर जेथे अधिक असे, तेथे ते लोखंडी पट्ट्यांनी जोडून सांध्यांत शिसे ओतीत. काम उन्हाळ्यातच करावे लागे, कारण त्याच वेळी पाया उघडा पडे. ठराविक अंतरावर पुढे आलेले बुरूज काठाला घासून जाणारा प्रवाह नदीच्या मध्याकडे वळवितात. पायऱ्यांच्या मधले रुंद टप्पे विसाव्यासाठी व विधींसाठी, तर वरच्या बाजूच्या ओवऱ्या प्रवाशांच्या मुक्कामासाठी असतात. देवळे, दीपमाळा, वृंदावने, पार व वडा-पिंपळाची झाडे यांनी घाटाचा परिसर पूर्ण होतो. नदीपात्रातच बांधलेली दगडी कुंडे हे महाराष्ट्रातील घाटांचे एक वैशिष्ट्य आहे. प्रवाह क्षीण झाल्यावरही स्नानापुरते पाणी राहावे, हा त्यांचा हेतू असतो. त्यांपैकी कित्येकांच्या तळाशी जिवंत झरे असत.

गंगेच्या मैदानात तळाला कातळ नसून गाळाची माती आहे; तेथे पाया घालणे अवघड असते. काशीचा शिंदे घाट याचे ठळक उदाहरण होय. बायजाबाई शिंदे यांनी सु. १८३० मध्ये बांधविलेला हा घाट स्वतःच्या भारानेच खचला. त्याच्या लगतचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूस कललेले दिसते.

प्राचीन काळ : महाराष्ट्राशी संबंधित अशा नदीकाठच्या सार्वजनिक सोयींचा सर्वांत जुना लेखी पुरावा नासिकजवळच्या पांडव लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात सापडतो. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याच्या दानांची नोंद तेथील शिलालेखात असून तो इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा, म्हणजे बसण्याउठण्याच्या जागा व पाणपोया, उभारल्या, असे त्यात म्हटले आहे. यांपैकी दमणा म्हणजे दमणगंगा, तर दाहनुका म्हणजे डहाणूजवळची नदी होय. नदी ओलांडणारा सामान्य वाटसरू हा राज्याच्या व धनिकांच्या दानाचा विषय मानला जात असे आणि एका तीरावरची सोय पुरेशी नसून ती दोन्ही तीरांवर हवी, याचे भान त्या काळी होते, हे या नोंदीवरून दिसते.

यापुढील काळात तीर्थक्षेत्रांच्या वाढीबरोबर घाटांची वाढ झाली. गोदावरीकाठचे पैठण हे प्राचीन प्रतिष्ठान नगर असून तेथील नागघाट ज्ञानेश्वरांच्या चरित्रातील कथेमुळे प्रसिद्ध आहे. पंढरपूर येथे भीमा नदीच्या वळणावर, तिच्या चंद्रभागा या भागात, गावाकडून वाळवंटाकडे उतरणारे अनेक घाट आहेत. तेथे घाटाइतकेच महत्त्व त्याच्या पायथ्याच्या वाळवंटाला आहे. पुंडलिकाचे मंदिर पात्रात आहे आणि वारकऱ्यांची कीर्तने वाळवंटातच रंगतात. नदीचे पात्र ही मोकळी जागा नसून वर्षातील काही महिने माणसांनी आणि उरलेले महिने पाण्याने वापरावयाची सामाईक जागा आहे, ही समजूत पंढरपूरच्या परंपरेत स्पष्टपणे दिसते.

मराठा काल : महाराष्ट्रातील बहुतेक महत्त्वाचे घाट सतराव्या शतकाची अखेर ते अठराव्या शतकाची अखेर या अवधीत बांधले गेले. पेशवे, त्यांचे सरदार, सावकार आणि राजघराण्यांतील स्त्रिया यांनी पुण्यसंपादनासाठी व लौकिकासाठी त्यांवर मोठा खर्च केला. नासिक येथील रामकुंड चित्रराव खटारकर यांनी १६९६ मध्ये बांधले व पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मातुःश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती करविली. नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये नदीलगत बांधलेले रामेश्वराचे मंदिर नारोशंकराचे मंदिर या नावाने ओळखले जाते. त्यावरील मोठी घंटा वसईच्या विजयाशी निगडित आहे. रामकुंडाच्या परिसरात लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, अहिल्याकुंड, दशाश्वमेधकुंड इ. कुंडांची रांग आहे. तेथील दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती ही नासिककरांची पूरमापक पट्टीच होय. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला लागले, यावरून पुराची तीव्रता सांगण्याचा प्रघात आहे.

कृष्णाकाठच्या वाई येथे प्रत्येक आळीला आपला घाट असल्याने गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह इ. घाटांची साखळी गावाच्या कडेने तयार झाली आहे. कृष्णाबाईचा उत्सव या घाटांवर पाळीपाळीने होतो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराप्रमाणे निमुळती केलेली आहे. त्यामुळे पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी वाहते व मंदिरावर त्याचा सरळ आघात होत नाही. वाईजवळच मेणवली येथे नाना फडणीस यांनी वाड्यामागे बांधविलेला चंद्रकोरीच्या आकाराचा घाट रेखीव बांधणीसाठी प्रसिद्ध आहे. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावर माहुली येथे, तर पुण्यात मुठेच्या काठी ओंकारेश्वराजवळ याच काळातील घाट आढळतात.

कृष्णा-पंचगंगा संगमावरील नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) येथे घाट, देऊळ आणि पूर यांचे नाते वेगळ्याच पद्धतीने जुळले आहे. पुराचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दाराने बाहेर पडू लागले, की ‘दक्षिणद्वार’ सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी आणखी चढल्यास उत्सवमूर्ती वरच्या जागी हलविण्यात येते. पूर ही आपत्ती असली, तरी तिच्यासाठी आधीच ठरविलेली व्यवस्था असते, हे येथे रूढीच्या रूपाने टिकून राहिले आहे.

महाराष्ट्राबाहेरही मराठी राज्यकर्त्यांनी घाट बांधले. अहिल्याबाई होळकर (कार. १७६७–९५) यांनी नर्मदेच्या काठी महेश्वर ही राजधानी वसविली. तेथील किल्ल्याच्या पायथ्याचे प्रशस्त घाट आणि त्यांना जोडून असलेली विणकरांची वस्ती यांतून नदीकाठ, उपासना व व्यवसाय यांचा मेळ साधलेला दिसतो. काशीच्या मणिकर्णिका व दशाश्वमेध या घाटांच्या बांधकामातही त्यांचा वाटा होता. काशीच्या नदीकाठाला आज दिसणारे रूप पुष्कळ अंशी अठराव्या शतकातील मराठ्यांच्या बांधकामांमुळे आले आहे.

सार्वजनिकतेच्या मर्यादा : घाट सर्वांच्या उपयोगाचे म्हणून बांधले गेले, तरी ते सर्वांना खुले नव्हते. जातीप्रमाणे व स्त्रीपुरुषांप्रमाणे स्नानाच्या व पाणी भरण्याच्या जागा वेगळ्या असत आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना मुख्य घाटावर मज्जाव असे. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविले जाणारे पाणवठे, धर्मशाळा इ. सर्वांना खुले करावेत, असा ठराव सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडला व तो १९२३ मध्ये संमत झाला. त्याची अंमलबजावणी होत नाही, हे पाहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. २ मार्च १९३० रोजी नासिक येथे काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद असल्याचे पाहून सत्याग्रहींची मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथेच तिचे सभेत रूपांतर झाले. ज्या जागेवरून ज्यांना दूर ठेवले जात होते, त्यांनी तीच जागा सभेसाठी वापरली. नदीकाठची जागा ‘सार्वजनिक’ केव्हा म्हणावी, या प्रश्नाचा विचार या दोन घटना वगळून करता येत नाही.

ब्रिटिश अमदानी : एकोणिसाव्या शतकात नळाचे पाणी, पक्के पूल व रेल्वे आली आणि घाटांचे दैनंदिन महत्त्व ओसरू लागले. पुण्याला पाणी पुरविणारे खडकवासला धरण १८७० च्या दशकात पूर्ण झाले. नदीचा संबंध रोजच्या पाण्यापासून सुटून सणावारापुरता उरला, तर दुसरीकडे सांडपाणी तिच्यात सोडण्याची प्रथा वाढली. याच काळात नदीकाठी फिरावयास जाणे ही नवी नागरी सवय रुजली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा बांधण्यात आला. त्याच्या काठची बाग ‘बंड गार्डन’ या नावाने प्रसिद्धीस आली. येथे नदी प्रथमच पाहण्याची वस्तू झाली. पाण्यात उतरण्याची सोय हे त्या बागेचे प्रयोजन नव्हते.

यूरोपातील नदीकाठ याच सुमारास बदलत होते. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी १८७० मध्ये खुला झालेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा सहलमार्ग जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने बांधला. त्याच्या पोटातून शहराचे सांडपाणी वाहून नेणारी मोठी गटारवाहिनी जाते. काठावर फिरण्याची शोभिवंत जागा हा त्या योजनेचा वरचा भाग होता. तिचे मूळ काम नदीतील घाण थांबविण्याचे होते. तथापि या बांधकामामुळे टेम्सचे पात्र अरुंद झाले, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

कोकणातील खाड्या व धक्के : कोकणातील नद्या लांबीने कमी असून त्यांच्या मुखांशी भरतीच्या खाड्या बनल्या आहेत. तेथे पाण्याची पातळी ऋतूप्रमाणेच नव्हे, तर दिवसातून दोनदा बदलते. त्यामुळे घाटाची जागा तेथे धक्क्याने घेतली. जांभ्या दगडाच्या पायऱ्या किंवा उतार, नावा बांधण्याचे खुंट, माल उतरविण्याचे पटांगण आणि जवळच एखादे देऊळ असे त्याचे रूप असते. पूल नसलेल्या काळात तरीवरून खाडी ओलांडणे हा नित्याचा प्रवास होता. मुंबईहून येणाऱ्या आगबोटी अनेक बंदरांत काठापासून दूर उभ्या राहत व उतारूंना पडावातून धक्क्यावर आणले जाई. चाकरमान्यांची ये-जा, टपाल आणि वाणसामान यांमुळे धक्का हाच गावाचा दरवाजा झाला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्ते वाढले, आगबोटी बंद पडल्या आणि धक्क्यांवरील उतारूंची वर्दळ संपली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड हे याचे चांगले उदाहरण होय. समुद्रात घुसलेल्या डोंगरी भूशिरामुळे येथील बंदर आडोशाला आले आहे व त्यातील पाणी शांत राहते. भूशिरावर किल्ला असून तेथे १९१५ पासून दीपगृह आहे. येथील धक्का उतारूंसाठी ओस पडला, तरी मासेमारीमुळे जागता राहिला. होड्या लागणे, मासळीचा लिलाव, बर्फ व डिझेल भरणे, जाळी सुकविणे व दुरुस्त करणे ही कामे काठावरच चालतात. कोळी व गाबीत समाजांतील स्त्रियांचा मासळीविक्रीचा व्यवहारही काठाशीच बांधलेला आहे. पर्यटनाच्या वाढीबरोबर खाडीकाठी पादचारी मार्ग, बसण्याच्या जागा व दिवे यांची मागणी कोकणात सर्वत्र होत आहे. असा मार्ग आखताना जाळी सुकविण्याचे मैदान व होड्या ओढून घेण्याचा उतार यांना धक्का लागला, तर काठ सुशोभित होईल, परंतु ज्यांच्यामुळे तो जिवंत राहिला, त्यांना तो परका होईल. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये, नंतर २०११ व २०१९ मध्ये निघाल्या. भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या खाडीकाठांनाही त्या लागू असल्याने तेथील बांधकामांवर मर्यादा आहेत. गोव्यात मांडवीच्या काठी पणजी ते रायबंदर हा सु. ३ किमी. लांबीचा दगडी बांध लिन्यारिशच्या काउंटने आपल्या व्हाइसरॉयपदाच्या काळात १६३४ मध्ये पुरा करविला. दलदलीतून पायवाट काढताना भरतीच्या पाण्यासाठी त्याखाली कमानी ठेवण्यात आल्या, ही बाब लक्षणीय आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर धरणे, वाढती नागरी वस्ती व मोटार वाहतूक या तीन गोष्टींनी नदीकाठांचे रूप पालटले. धरणांमुळे पात्रे वर्षाचे आठ-नऊ महिने कोरडी दिसू लागली व ती रिकामी जमीन आहे असा समज दृढ झाला. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. तरीही पुढील दशकांत मुठेच्या पात्रातून रस्ते काढण्यात आले व वाहनतळ झाले. विठ्ठलवाडीजवळ पात्रात टाकलेल्या रस्त्याच्या भरावासंबंधी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये प्रतिकूल निर्णय दिला. पूरप्रवण जमिनीच्या नियमनासाठी राज्याच्या पाटबंधारे खात्याने दोन रेषांची पद्धत अवलंबिली आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ही निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ही लाल रेषा होय. निळ्या रेषेच्या आत मोकळी मैदाने, बागा यांसारखे वापरच ग्राह्य मानले जातात. घाट बांधणाऱ्यांनी अनुभवाने जे केले, तेच या नियमाने कागदावर आणले असे म्हणता येईल. कोल्हापूर येथे पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. तेथील इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली.

नासिकच्या गोदावरीचा अनुभव विशेष बोलका आहे. सिंहस्थ पर्वणीच्या तयारीच्या ओघात कुंडांचे तळ व काठ काँक्रीटने झाकण्यात आले. पाय घसरू नये, गाळ लवकर काढता यावा व गर्दीला सपाट जागा मिळावी, हे त्यामागील हेतू होते. परंतु काँक्रीटखाली झरे बुजले. सप्टेंबर २००८ च्या पुरात काठचा बाजार व वस्ती पाण्याखाली गेली, तर २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडून त्यात बाहेरून पाणी आणून ओतावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा मोठा पूर आला. एकाच कुंडाने एका वर्षात तहान व पूर दोन्ही अनुभवले. नागरिकांनी न्यायालयात व पालिकेकडे दीर्घकाळ पाठपुरावा केल्यानंतर काही कुंडांच्या तळाचे काँक्रीट काढण्याचे काम २०२० च्या सुमारास हाती घेण्यात आले. जुने बांधकाम परत मिळविण्यासाठी नवे बांधकाम फोडावे लागले, असा हा दुर्मिळ प्रसंग आहे.

पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही नासिकनेच तीव्रतेने पुढे आणला. २७ ऑगस्ट २००३ रोजी पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे उतरणाऱ्या पंचवटीतील अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. घाट कितीही प्रशस्त असला, तरी त्याकडे नेणाऱ्या वाटा अरुंद, उताराच्या व एकाच तोंडाच्या असतील, तर तो असुरक्षित ठरतो, हा या दुर्घटनेचा धडा होता. २०१५ च्या सिंहस्थासाठी त्यानुसार घाटांची लांबी वाढविण्यात आली, स्नान एकाच कुंडाऐवजी अनेक ठिकाणी विभागले गेले आणि जाण्यायेण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले. पंढरपूर येथे ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीच्या वेळी कुंभार घाटावरील नव्या बांधकामाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. उताराच्या मागची माती पाणी पिऊन जड होते व त्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट नसल्यास भिंतीवर मोठा दाब येतो, म्हणून नदीकाठच्या भिंतींत निचऱ्याच्या सोयीला अतिशय महत्त्व असते. चिऱ्यांच्या सांध्यांतून जुन्या घाटांत हा निचरा आपोआप होत असे.

नदीकाठ विकासाच्या योजना : भारतात या प्रकारच्या योजनांचा आदर्श म्हणून अहमदाबादच्या साबरमती नदीकाठ प्रकल्पाकडे पाहिले जाते. त्यासाठीची संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली, काम २००५ मध्ये सुरू झाले व २०१२ मध्ये काठावरचे पादचारी मार्ग खुले झाले. दोन्ही तीरांवर प्रत्येकी सु. ११·५ किमी. लांबीचा सलग पादचारी मार्ग हे त्याचे मोठे यश होय. मात्र त्यासाठी पात्राची रुंदी सर्वत्र सारखी करण्यात आली, काठावरील हजारो कुटुंबांना दूर हलवावे लागले आणि दिसणारे पाणी हे बंधाऱ्याने अडविलेले व नर्मदेच्या कालव्यातून आणलेले आहे. पुण्यातील मुळा, मुठा व मुळा-मुठा या नद्यांच्या सु. ४४ किमी. लांबीच्या काठासाठी अशाच योजनेची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. सलग पायवाटा, सायकलमार्ग, घाट व बागा यांमुळे नागरिक पुन्हा नदीकडे वळतील, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे आहे. बांधांमुळे पात्राची वहनक्षमता घटेल, काठावरची जुनी झाडे जातील आणि सांडपाणी शुद्ध होण्याआधीच सुशोभीकरण होईल, असे आक्षेप नदीअभ्यासक व नागरिकांनी घेतले आहेत. जुलै २०२४ मध्ये मुठेच्या पुराचे पाणी सिंहगड रस्त्यालगतच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा हा वाद पुन्हा तीव्र झाला.

परदेशांतील काही उदाहरणे या संदर्भात उद्‌बोधक आहेत. पॅरिसमध्ये सेन नदीच्या उजव्या तीरावर १९६७ मध्ये काढलेला द्रुतगती मोटाररस्ता २०१६ मध्ये वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना देण्यात आला. पूर आला की ही जागा पाण्याखाली जाते व ओसरल्यावर धुऊन पुन्हा वापरात येते. दक्षिण कोरियातील सोल शहरात चेआँगयेचेआँ या ओढ्यावरील उन्नत रस्ता पाडून २००३–०५ दरम्यान सु. ५·८ किमी. लांबीचा पादचारी काठ निर्माण करण्यात आला. मात्र त्यात वाहणारे पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणावे लागते. पहिल्या उदाहरणात काठ बांधण्यापेक्षा तो मोकळा करण्यावर भर आहे, तर दुसऱ्यात नदीचे रूप परत आले, परंतु तिचा प्रवाह परत आलेला नाही.

मूल्यमापन : घाटांच्या इतिहासावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. नदीकाठची पादचारी जागा पुराला सामावून घेणारी असावी लागते. तिचा टिकाऊपणा बांधकामाच्या भक्कमपणाइतकाच पुरानंतरच्या देखभालीवर अवलंबून असतो. पूर्वी घाटांची निगा इनामे, उत्सव-समित्या व आळीतील कुटुंबे यांच्याकडे असे. ही व्यवस्था मोडल्यावर ती जबाबदारी नगरपालिकांकडे आली, पण बहुतेक ठिकाणी नव्या बांधकामासाठी निधी मिळतो आणि दरवर्षी गाळ उपसण्यासाठी मिळत नाही. पाणी अस्वच्छ असेल, तर काठ कितीही सुंदर असला तरी माणूस पायऱ्या उतरत नाही आणि घाटाचे मूळ प्रयोजनच नष्ट होते. काठावर पूर्वीपासून काम करणारे परीट, नावाडी, कोळी, फुलविक्रेते यांना वगळून केलेली जागा पूर्वीच्याच भेदांची नवी आवृत्ती ठरते.

नासिक येथे २०२७ मधील सिंहस्थ स्नानपर्वांसाठी घाटांच्या विस्ताराचे काम पुन्हा मोठ्या प्रमाणावर योजण्यात आले आहे. रामकुंड १६९६ मध्ये बांधले गेले, तेव्हापासून शेकडो पूर त्याच्यावरून गेले व दरवर्षी गाळ उपसून ते पुन्हा वापरात आले. नव्या घाटांची परीक्षा पर्वणीच्या गर्दीने होईल, तशीच ती त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पुराने आणि पहिल्या कोरड्या उन्हाळ्यानेही होईल.